'इनफ' या शब्दाची जागा

आमच्या महिला मंडळाच्या इंग्रजीच्या वर्गातील सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थिनी म्हणजे ७१ वर्षांच्या एक काकू. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टर येथे नोकरी करतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्या तेथे गेल्या, तीन महिने राहिल्या आणि परत आल्यावर आठवड्याच्या आत वर्गात येऊन बसल्या. या वयात इंग्रजी शिकण्याचे काय मनात आले, असे मी सहज विचारले. तेव्हा त्यांनी सांगितलेली हकिकत अशी.

शेजारच्या एका इंग्रज आजीबाईंनी त्यांना एका दुपारी चहाला बोलावले. मुलगा आणि सून दोघेही कामावर गेलेले, म्हणून काकू एकट्याच गेल्या. आजीबाईंनी कपात कोरा चहा ओतला, मग दुधाचे भांडे उचलले आणि ते कपावर धरून हसत म्हणाल्या, "से व्हेन." 'व्हेन' म्हणजे 'केव्हा' एवढे काकूंना ठाऊक होते. आपण भारतात परत केव्हा जाणार असे त्या विचारीत असतील, असे समजून काकूंनी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, "जुलै." आजीबाईंना काही उमगले नाही. त्या दूध ओतीत राहिल्या. कप काठोकाठ भरला, दूध बशीत उतरू लागले, तेव्हा काकूंनी पंगतीत वाढप्याला अडवावे तसे दोन्ही हात कपावर आडवे धरले आणि ओरडल्या, "इनफ! इनफ!"

आजीबाईंचा हात जागच्या जागी थांबला आणि चेहरा एकदम उतरला.

"त्यांना वाटलं, मी रागावले," काकू म्हणाल्या. "मी कशाला रागावू बाई? पण समजावून सांगायला माझ्याकडं पुढचा शब्दच नव्हता. सगळा चहा दोघींनी गप्प बसून घेतला."

वर्गात हशा पिकला. काकू मात्र हसल्या नाहीत. तीन महिन्यांत आपल्याला कोणीतरी आपलेपणाने घरी बोलावले आणि आपण तिचे मन दुखावून आलो, ही बोच त्या सातासमुद्रापलीकडून सोबत घेऊन आल्या होत्या.

मी एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत ३४ वर्षे इंग्रजी शिकवले. त्या काळी आपल्याकडे इंग्रजीची सुरुवात पाचवीपासून होत असे. २००० सालापासून ती पहिलीपासून होऊ लागली. 'इनफ' हा शब्द मी हजारो मुलांना शिकवला असेल. शिकवला म्हणजे काय, तर फळ्यावर शब्द लिहायचा, समोर 'पुरेसे' असा अर्थ लिहायचा आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. काकूंची हकिकत ऐकल्यावर वाटले की, एका ओळीत मावणारा हा शब्द नव्हे. पुढच्या आठवड्याचा संपूर्ण तास मी या एका शब्दासाठी राखून ठेवला. त्या तासाने मला कोठे नेऊन पोहोचवले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम लेखन आणि उच्चार. ई, एन, ओ, यू, जी, एच. शेवटच्या 'जी-एच'चा उच्चार 'फ' कसा काय, हा प्रश्न नवशिक्या माणसाला पडतोच आणि तो पडलाही पाहिजे. फार पूर्वी या ठिकाणी 'फ' नव्हता. घशातून निघणारा, आपल्या 'ख'च्या जवळचा एक ध्वनी होता. इंग्रजीच्या नात्यातील जर्मन भाषेत हाच शब्द आजही 'गेनूग' असा आहे. पुढे इंग्रजीतून तो घशातील ध्वनी नाहीसा झाला. 'रफ', 'टफ', 'लाफ' अशा काही शब्दांत त्याच्या जागी 'फ' आला, तर 'नाईट', 'डॉटर', 'थ्रू' अशा शब्दांत तो अगदीच मुका झाला. ध्वनी गेला, अक्षरे मात्र राहिली. हे ऐकून मागच्या बाकावरून एक भगिनी म्हणाल्या, "म्हणजे माणूस गेला तरी रेशनकार्डावर त्याचं नाव राहतं, तसंच की!" इतके नेमके उदाहरण मला ३४ वर्षांत सुचले नव्हते. उच्चार करताना सुरुवातीचा 'इ' हलका ठेवावा आणि जोर 'नफ'वर द्यावा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

मग या शब्दाची जागा. येथेच आपल्या मंडळींची सर्वांत जास्त गफलत होते. नाम असेल तर 'इनफ' नामाच्या आधी येतो: इनफ राइस, इनफ चेअर्स, इनफ टाइम. म्हणजे पुरेसा भात, पुरेशा खुर्च्या, पुरेसा वेळ. मोजता येणाऱ्या वस्तू असोत वा न मोजता येणाऱ्या, शब्द बदलत नाही. इंग्रजीने येथे नवशिक्यांवर दयाच केली आहे. परंतु विशेषण असेल तर तोच 'इनफ' विशेषणाच्या नंतर जातो: हॉट इनफ, बिग इनफ, स्वीट इनफ. मराठीत आपण 'पुरेसा भात' म्हणतो तसेच 'पुरेसे गरम' म्हणतो. आपला 'पुरेसे' दोन्हीकडे आधीच येतो. त्यामुळे आपल्या तोंडून 'इनफ हॉट', 'इनफ स्वीट' असे निघते. ते चूक आहे. वस्तूच्या आधी, गुणाच्या नंतर, एवढे सूत्र वर्गाकडून मी पाच वेळा म्हणवून घेतले.

आता काकूंची अडचण. आपल्याजवळ या एका अर्थासाठी तीन शब्द आहेत. 'पुरेसे' हे माप झाले. 'पुरे' म्हणजे थांबा. आणि 'बास' हा तर फारसीतून आलेला 'बस'. तोही थांबाच, पण घरच्या सलगीचा. 'पुरे' आणि 'पुरेसे' यांच्या मुळाशी भरणे आहे. पुरणपोळीतील पुरण, धान्याचा पुरवठा, परीक्षेतील उत्तरपत्रिकेची पुरवणी ही सगळी त्याच घरातली मंडळी. पंगतीत पानावर हात आडवा धरून 'पुरे, पुरे' म्हणण्यात आपल्याकडे तृप्ती असते, आणि वाढणारा ते ऐकूनही आणखी अर्धी पळी वाढतो. त्यात कोणालाच कोणाचा राग येत नाही.

इंग्रजीत माप आणि थांबा या दोहोंसाठी हा एकच शब्द वापरतात. म्हणून तो एकटा उच्चारला की त्याचा अर्थ आवाजावर ठरतो, आणि नुसता मोठ्याने म्हटलेला 'इनफ!' हा दटावणीचा शब्द होतो. मुलांचा गोंगाट वाढला की टेबलावर डस्टर आपटून मी जो 'इनफ!' म्हणत असे, तोच काकूंनी त्या आजीबाईंना नकळत ऐकवला होता. वाढणाऱ्याला सांगायचे असेल तर 'दॅट्स इनफ, थँक यू' असे पूर्ण वाक्य म्हणावे. आणि कोणी ओतताना 'से व्हेन' म्हटले तर ते 'केव्हा जाणार' असे विचारीत नाहीत. 'पुरे झाले की सांगा' एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे कळल्यावर काकू क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे त्या मलाच विचारत होत्या, किती हवं म्हणून!" त्या हळूच म्हणाल्या. मग आम्ही पाण्याचा तांब्या आणि स्टीलचे पेले घेऊन सराव केला. एकीने ओतावे आणि 'से व्हेन' म्हणावे. दुसरीने योग्य वेळी 'दॅट्स इनफ, थँक यू' म्हणावे. मंडळाच्या सभागृहातील सतरंजी निम्मी भिजली. काकूंनी आपली पाळी चार वेळा घेतली.

येथवरचा भाग कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळेल. त्यापुढचा भाग मला त्या दिवशी नव्याने कळला. 'इनफ'ला पाठोपाठ आणखी एक शब्द हवा असतो: 'फॉर' किंवा 'टू'. फळ्यावर मी लिहिले, 'धिस फ्लोअर इज इनफ', म्हणजे हे पीठ पुरेसे आहे, आणि विचारले, "वाक्य बरोबर आहे का?" सगळ्या जणी बरोबर म्हणाल्या. एक सुगरण भगिनी मात्र म्हणाल्या, "बरोबर असेल, पण किती जणांना?"

मला माझी आई आठवली. आम्ही तिला आक्का म्हणत असू. आमचे घर १४ माणसांचे, वर आलागेला वेगळा. दुपारी चार वाजता आक्का माजघराच्या दारात उभी राहून एकच प्रश्न विचारी, "आज किती पानं?" त्याचे उत्तर मिळेपर्यंत ती तांदळाच्या डब्याला हात लावीत नसे. सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे आटोपायची असत; मागाहून पुन्हा चूल पेटवून कमीजास्त करण्याची सोय नव्हती. उत्तर मिळाले की चिपट्याने तांदूळ मोजले जात, आणि ते पुरत. जेवण झाले की आप्पा ताटात थोडे पाणी घालून, ताट विसळून ते पाणी पिऊन टाकीत. मागे शीत उरत नसे. आक्काला कोणी कधी 'कमी पडले' असे म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि उरले तर ती ते आपल्या औदार्याचे नव्हे, मोजणीतील चुकीचे लक्षण मानी. तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण कितीजणांसाठी हे आधी आणि किती हे मागून, हा 'इनफ'चा नियम तिला पाठ होता. आपल्याकडे परिग्रहाचे परिमाण घेतात तेव्हाही हाच क्रम असतो. मर्यादा आधी ठरते; वस्तू त्यानंतर मोजल्या जातात. मर्यादाच ठरवली नसेल तर कितीही मोजा, पुरेसे झाले असे म्हणण्याची वेळ कधी येतच नाही.

'टू'चे उदाहरण मी मताधिकाराचे दिले. 'शी इज ओल्ड इनफ टू व्होट', म्हणजे मत देण्याइतके तिचे वय आहे. माझी धाकटी नणंद १९८९ साली १९ वर्षांची होती. तोवर आपल्या देशात मतदानासाठी २१ वर्षे पूर्ण लागत. ६१व्या घटनादुरुस्तीने ती अट १८ वर्षांवर आणली आणि २८ मार्च १९८९ पासून ती लागू झाली. म्हणजे २७ मार्चला जी मुलगी पुरेशी मोठी नव्हती, ती दुसऱ्या दिवशी पुरेशी मोठी झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधील लोकसभा निवडणुकीत तिने मत दिले आणि दिवसभर बोटावरची शाई सर्वांना दाखवीत फिरली. एका रात्रीत तिच्यात काहीही बदलले नव्हते. माप बदलले होते.

हे सारे समजावून झाल्यावर मी फळ्यावर स्वाध्याय लिहिला. 'आय ॲम', मग मोकळी जागा, 'इनफ टू', पुन्हा मोकळी जागा. अर्थ एवढाच: मी अमुक करण्याइतकी अमुक आहे. दोन जागा भरा. वर्गात त्या दिवशी ११ जणी होत्या. दहा मिनिटांनी मी वह्या पाहू लागले आणि पाहता पाहता थांबले. ११ पैकी ९ वह्यांत 'आय ॲम'च्या पुढे 'नॉट' होते. फळ्यावर 'नॉट' नव्हते. मी तो लिहिला नव्हता आणि तोंडाने उच्चारलाही नव्हता. ज्या त्या भगिनीने तो आपल्या घरून आणला होता. आय ॲम नॉट क्लेव्हर इनफ. आय ॲम नॉट स्मार्ट इनफ. आय ॲम नॉट एज्युकेटेड इनफ. मी पुरेशी हुशार नाही, मी पुरेशी शिकलेली नाही. आणि 'टू'च्या पुढची जागा बहुतेकींनी कोरीच ठेवली होती.

मी एकेकीजवळ जाऊन विचारू लागले, "कशासाठी? टू व्हॉट?" 'क्लेव्हर' नसलेल्या एक भगिनी विचार करून म्हणाल्या, "बँकेतलं कामकाज करायला." शेजारची लगेच उसळली, "अगं, बचत गटाचा हिशेब गेली आठ वर्षं तूच बघतेस की! दर महिन्याला बँकेत कोण जातं?" त्या ओशाळून हसल्या आणि खोडरबर घेऊन त्यांनी 'नॉट' खोडला. अशा चार वह्यांतील 'नॉट' त्या तासात गेले. 'कशासाठी' एवढे विचारले की ते टिकत नव्हते. दोघींचे टिकले, आणि ते खरे होते. एकीचा नातू परदेशात वाढतो आहे. त्याच्याशी फोनवर बोलण्याइतके इंग्रजी तिला येत नाही. परंतु तिलाही आता आपल्याला काय शिकायचे आहे, ते कळले. कमतरतेला नाव मिळाले की ती अभ्यासाचा विषय होते. नाव नसलेली कमतरता मात्र माणसाच्या अंगाला चिकटून राहते.

घरी जाताना वाटेत माझ्या मनात वेगळेच काही सुरू झाले होते. माझी मुलगी पुण्यात असते. दिवाळीत मी तिच्याकडे गेले होते. दहा वर्षांच्या नातीने दारात रांगोळी काढली होती. मोर जरासा बदकासारखा झाला होता खरा, पण रंग भरण्यात तिने अख्खी सकाळ घालवली होती. मुलीने ती पाहिली, नातीच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "छान झालीय. पण अजून चांगली झाली असती, नाही का?" नात काही बोलली नाही. मुलगी आत गेल्यावर तिने तळहाताने मोर पुसून टाकला आणि पुन्हा ठिपके मांडायला बसली. मला ते वाक्य कोठेतरी ऐकल्यासारखे वाटले होते. कोठे, याचा शोध मी तेव्हा घेतला नाही. घ्यावासा वाटला नाही, हे अधिक खरे.

त्या रात्री मी माळ्यावरची जुनी ट्रंक काढवून घेतली. मुलगी सातवीत माझ्याच वर्गात होती. आईच्या वर्गात लेक म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत आणि गावात काय बोलले जाते, हे मला ठाऊक होते. पक्षपाताचा ठपका नको म्हणून मी तिला इतरांपेक्षा दोन गुण कमीच देत असे, आणि माझ्या या निःस्पृहपणाचा मला अभिमान होता. तिची १९९५ सालची निबंधाची वही ट्रंकेत मिळाली. सर्व मुलांना दरवर्षी देतो तोच विषय होता, 'माय मदर'. तो निबंध वहीत तीन वेळा होता.

पहिल्या पानावर तिने लिहिले होते: 'माय मदर इज अ टीचर. शी कम्स होम टायर्ड. आय मेक टी फॉर हर. माय टी इज नॉट इनफ स्वीट. शी ड्रिंक इट.' माझी आई शिक्षिका आहे. ती दमून घरी येते. मी तिच्यासाठी चहा करते. माझा चहा पुरेसा गोड नसतो. ती तो पिते.

'इनफ स्वीट'खाली माझी लाल रेघ होती. 'स्वीट इनफ' असे मी वर लिहिले होते. 'ड्रिंक'ला 'एस' लावला होता. आणि खाली शेरा: 'नॉट गुड इनफ. राइट अगेन.' त्याखाली माझी सही आणि तारीख. शेऱ्याविना सही आणि सहीविना तारीख मी कधी ठेवली नाही.

दुसऱ्या पानावर निबंध थोडा लांबला होता आणि शेरा तोच होता. तिसऱ्या पानावर 'माय मदर इज द बेस्ट मदर इन द वर्ल्ड' असे मार्गदर्शिकेतील दहा सफाईदार वाक्ये होती. व्याकरणाची एकही चूक नव्हती. चहाही नव्हता. त्याखाली मी 'गुड' असा शेरा दिला होता.

बारा वर्षांची मुलगी शाळेतून माझ्याआधी घरी येऊन स्टोव्ह पेटवीत असे. साखर महिनाअखेरपर्यंत पुरली पाहिजे, असे घरात मीच सारखे म्हणत असे. म्हणून ती चमचा अर्धाच भरी. ते सारे तिने परक्या भाषेतील पाच मोडक्या वाक्यांत मांडले होते. मी त्यातील एका शब्दाची चुकलेली जागा पाहिली. जागा चुकली होती, यात शंका नाही. ती दाखवणे हे माझे कामच होते. चूक दाखवण्यात माझे चुकले नाही. खालचा शेरा चुकला. 'नॉट गुड इनफ' लिहिताना मी कशासाठी ते लिहिले नव्हते. सातवीच्या मुलीसाठी? परीक्षेसाठी? शिक्षकांच्या खोलीतील चर्चेसाठी? 'फॉर'ही नाही आणि 'टू'ही नाही. ते वाक्य मी अर्धवट सोडले, आणि गेली ३० वर्षे ती ते पुरे करीत आहे. रात्री अकरा वाजता ती कार्यालयाचे काम तिसऱ्यांदा तपासते. कोणी स्तुती केली तर त्यातील उणीव आधी सांगते. आता तेच अर्धे वाक्य तिच्या लेकीकडे पोहोचले आहे.

पुढच्या महिन्यात पुण्याला गेले तेव्हा ती वही सोबत नेली. देण्यापूर्वी पहिले पान उघडून जुन्या शेऱ्याखाली लाल पेनाने लिहिले, 'द टी वॉज स्वीट इनफ फॉर मी.' माझ्यासाठी तो चहा पुरेसा गोड होता. त्याखाली सही केली. रात्री नात झोपल्यावर वही मुलीच्या हातात दिली आणि म्हटले, "हे तपासायचं राहून गेलं होतं."

तिने पान वाचले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. शिक्षकाने उत्तरासाठी थांबायला शिकावे, हे मला फार उशिरा जमले आहे. मग वही माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "आई, तारीख घालायची राहिलीय."

मी तारीख घातली. सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा चहा मी आधीच ठेवला होता. साखर तिने आपल्या हाताने घातली. एका वहीने ३० वर्षांची सवय सुटत नाही, एवढे मला कळते. पण निघताना नातीने चित्रकलेची वही आणून दाखवली, तेव्हा माझ्या मुलीने तोंड उघडले, थांबली आणि विचारले, "हे कशासाठी काढलंयस गं?" नात म्हणाली, "आजीला गाडीत बघायला." "मग मस्तच आहे," ती म्हणाली.

नवशिक्या वाचक भगिनींसाठी सांगायचे ते एवढेच. 'इनफ' वस्तूच्या आधी आणि गुणाच्या नंतर येतो. वाढणाऱ्याला तो एकटा ऐकवू नये, सोबत 'थँक यू' द्यावे. आणि स्वतःविषयी किंवा घरच्या कोणाविषयी 'नॉट इनफ' म्हणायची वेळ आली तर वाक्य 'फॉर' किंवा 'टू'पर्यंत नेऊन पुरे करावे. पुरे करता आले नाही तर ते बोलू नये.

काकू या जूनमध्ये पुन्हा लेस्टरला गेल्या. परवा त्यांचा मोबाइलवर संदेश आला. या वेळी त्यांनीच त्या आजीबाईंना चहाला बोलावले होते, आणि दूध ओतताना 'से व्हेन' काकूंनी म्हटले. संदेशाच्या शेवटी त्यांनी स्वतःचे, कोणालाही न विचारता रचलेले एक वाक्य इंग्रजीत लिहिले होते: 'माय इंग्लिश इज इनफ गुड फॉर टी.'

चूक मला दिसली. या खेपेस मी ती कळवली नाही.